फाटकवाल्याची वही

लडकूबाबांना काही सांगायचं म्हणजे माझ्यासारख्या घाईच्या बाईला शिक्षाच. मी म्हणणार, "बाबा, शनिवारी उपकेंद्रात बीपी तपासायला या." ते म्हणणार, "शनवार. उपकेंद्र. बीपी." मी 'हो' म्हटल्याशिवाय पुढं सरकणार नाहीत. 'हो' म्हटलं की सदऱ्याच्या खिशातून छोटी वही निघणार, कानावरची पेन्सिल हातात येणार, सावकाश नोंद होणार. वही परत खिशात गेली की मग म्हणणार, "बस गो, च्या घे." तोवर मला पुढच्या तीन घरांची काळजी लागलेली असते.

मी संजीवनी. खर्डीच्या बाजूच्या पाड्यांवर आशा सेविका म्हणून फिरते त्याला बारा वर्षं झाली. माहेर मुरबाडकडचं. तोंड जरा फटकळ आहे असं सासरची माणसं म्हणतात, आणि ते खोटं नाही. गरोदर बाया, लसी, क्षय, हिवताप, सगळं माझ्याच पिशवीत, आणि त्या प्रत्येकाचं एक वेगळं ॲप माझ्या फोनमध्ये. तरी लडकूबाबांच्या ओट्यावर मी बसायचीच, कारण माझं बोलणं इतक्या मनापासून ऐकून घेणारं पाड्यात दुसरं कुणी नाही. माझ्या घरातही नाही.

लडकू निमसे एकतीस वर्षं रेल्वेत फाटकवाले होते. खर्डी आणि कसाऱ्याच्या मधलं एक फाटक त्यांच्या ताब्यात असायचं. आता ते फाटक नाही, वरून पूल गेला. त्या कामाची रीत त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की उद्या मला कुणी फाटकावर उभं केलं तर मी गाडी पास करून देईन. गाडी यायची झाली की स्टेशनातून फोन वाजणार. फाटक बंद करायचं, कुलूप लावायचं, आणि छापील कागदावरचा एक दोन आकडी नंबर स्टेशन मास्तरला सांगायचा. त्याला म्हणतात प्रायव्हेट नंबर. मास्तर तो नंबर परत बोलून दाखवणार, दोघंही आपापल्या वहीत लिहिणार, वापरलेला नंबर खोडणार, आणि मग सिग्नल मिळणार. "ऐकलं तर परत बोलायचं, बोललं तर लिवायचं," बाबा सांगायचे. "डोक्यावर भरोसा ठेवणारा मानूस फाटकावर नको."

म्हणून त्यांची ती सगळं परत म्हणून दाखवायची सवय. पाड्यातली पोरं त्यांची नक्कल करायची, त्यांची बायको जिवलीकाकी तर लग्नापासून हसत आली होती. वहीचंही कुणाला नवल वाटलं नाही. फाटकवाला म्हटला की वही असायचीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

रिटायर झाल्यावर बाबा शेती बघू लागले. थोडं भात, भात झाल्यावर त्याच रानात वाल. पण त्यांचं खरं काम सुरू झालं ते तीन वर्षांपूर्वी. आमचा पाडा रस्त्याच्या या बाजूला आणि शाळा त्या बाजूला. धरणाकडे जाणारा रस्ता आधी निवांत होता, मग कुठलं तरी मोठं काम निघालं आणि खडीचे डंपर धावायला लागले. वर तिथं नेमकं वळण. एका सकाळी एका पोराच्या पाठीवरचं दप्तर डंपरच्या चाकाखाली गेलं. पोर वाचलं, दप्तराचा चुरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला लडकूबाबा रस्त्याच्या कडेला उभे. जिवलीकाकीच्या जुन्या लाल साडीचा तुकडा एका काठीला बांधलेला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं.

त्यांची नात कुणाली आणि पाड्यातली आणखी सहा, अशी सात पोरं. या कडेला मोजायची, वळणाकडचा आवाज ऐकायचा, झेंडा आडवा धरायचा, रस्ता पार करायचा, त्या कडेला परत मोजायची. संध्याकाळी पाचला उलटं. डंपरवाले सुरुवातीला हॉर्न मारायचे, मग ओळखायला लागले, काही तर हात करायचे. पाड्यातल्या आया निर्धास्त झाल्या. तीन वर्षांत एकही बाई पोराला रस्त्यापर्यंत सोडायला गेली नाही. एवढा भरवसा आमच्या इथं बसच्या टायमावरसुद्धा कुणी ठेवत नाही.

यंदा पौषात मला एक टॅबलेट मिळाला. गोळी नव्हे, पाटीएवढा फोन असतो ना, तो. साठीच्या पुढच्या माणसांनी आपली स्मरणशक्ती आपणच तपासायची, असा त्यात कार्यक्रम होता. माणसानं टॅबलेट मांडीवर घ्यायचा, आतून एक बाई बोलते, ती विचारेल तसं करत जायचं. वीस मिनिटं. विसरण्याचा आजार लवकर कळला तर पुष्कळ काही करता येतं, असं ट्रेनिंगला आलेल्या योगिनी मॅडमनी समजावून सांगितलं, आणि ते मला पटलं. त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली. माणूस एकटाच पाहिजे. तुम्ही पाठ करून बसायचं, शब्दानं मदत करायची नाही.

माणूस एकटाच पाहिजे, हे आमच्या पाड्यात म्हणजे अवघड. पहिल्याच घरी बाईजाआजीला टॅबलेट दिला तर अंगणात अकरा माणसं जमली. आतल्या बाईनं चित्र दाखवून "हे काय आहे?" म्हटलं की अकराच्या अकरा उत्तर देणार. आजी म्हणाली, "आता सगळ्यांनी सांगितलंच हाय तर मी कशाला बोलू?" मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. महिन्याला चाळीस म्हातारी माणसं करायची होती, पंधरा दिवसांत सात झाली.

अशात एका दुपारी रविना माझ्या मागोमाग आली. रविना म्हणजे लडकूबाबांची सून, कुणालीची आई. कमी बोलणारी पोरगी. मी विहिरीकडच्या वाटेनं चालले होते, तिनं हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, ती तुमची टॅबलेटची तपासणी आमच्या बाबांची करा ना."

"करणारच आहे. यादीत आहेत ते."

"आधी करा." ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. "कुणाली सांगत होती, मंगळवारी बाबा रस्त्याच्या मधोमध थांबले. पोरं हाताला धरलेली. पुढं जायचं का मागं, हेच त्यांना कळंना. डंपर आला, त्यानं ब्रेक मारला. मग कुणाली बोलली, बाबा, शाळा तिकडं. मग चालले."

मी पिशवी खांद्यावरून खाली ठेवली.

"त्याच्या आधी एका रविवारी झेंडा घेऊन उभे होते. एकटेच. पाऊण तास. मी हाक मारून आणलं."

"धनेशला सांगितलंस?" धनेश तिचा नवरा, आसनगावला कंपनीत जातो.

"सांगितलं. ते बोलले, बाबांना काय झालंय, सगळं तारखेसकट लिहून ठेवतात, तूच विसरशील. आईंना सांगायची तर सोयच नाय. सून झाले ना मी. सासऱ्याचं डोकं चाललं नाय असं सुनेनं बोलायचं का?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मशीन बोललं तर कुणी मशीनशी भांडणार नाय. ताई, माझी एकच पोर आहे. आणि बाकीची सहा पण कुणाची तरी आहेतच."

मी तिला म्हटलं, उद्याच करते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा बाबा पोरांना सोडून आले होते. धनेश दुपारच्या पाळीचा, म्हणून घरीच होता. मी आल्या आल्या सगळ्यांना दम भरला, धनेशला आत पाठवलं, बाबांना पडवीत बसवलं आणि स्वतः ओट्यावर जिवलीकाकीजवळ बसले, पडवीकडे पाठ करून. काकी वाल सोलत होती, मीही एक मूठ घेतली.

आतली बाई बोलू लागली. शुद्ध भाषा, पाण्यासारखा आवाज. "मी आता पाच शब्द सांगणार आहे. ते नीट लक्षात ठेवा. थोड्या वेळानं मी ते पुन्हा विचारणार आहे. विहीर. टोपली. मोर. चप्पल. लिंबू."

"विहीर, टोपली, मोर, चप्पल, लिंबू," बाबांनी म्हणून दाखवलं, आणि थांबले. समोरून 'बरोबर' आलं नाही. "अगो बाई, बरोबर का?" त्यांनी विचारलं. बाई पुढच्या प्रश्नावर गेली होती. "हिला काय रीत नाय," बाबा पुटपुटले, आणि काकी तोंडावर पदर घेऊन हसली.

मग घड्याळ काढायचं होतं, आकडे क्रमानं जोडायचे होते, आज वार कोणता, तारीख कोणती, चित्रं ओळखा. बोटानं काचेवर सगळं चाललेलं. वार आणि तारीख बाबांनी खडाखड सांगितली. शेवटी बाईनं ते पाच शब्द विचारले. थोडा वेळ शांतता, आणि मग पडवीतून स्पष्ट आवाज आला: "विहीर. टोपली. मोर. चप्पल. लिंबू."

टॅबलेटवर हिरवा गोल आला. 'आपली स्मरणशक्ती आपल्या वयाला अनुरूप आहे.' मी मोठ्यानं वाचून दाखवलं. धनेश बाहेर आला आणि सगळ्यांसमोर रविनाला म्हणाला, "बघ. मी सांगत नव्हतो?" ती चुलीकडे निघून गेली. मला खरं तर बरं वाटलं होतं. लडकूबाबा चांगले आहेत याचं, आणि माझी एक नोंद पुरी झाली याचंही. जाताना मी आत डोकावून तिला म्हटलं, "आता मनातून काढून टाक ग. उगाच शंका घेऊ नये." ती हो म्हणाली. तो शब्द मी तिच्याकडून वदवून घेतला, हे मला आजही सलतं.

नऊ दिवसांनी मी बीपीच्या गोळ्या द्यायला गेले. बाबा अंगणात उन्हाला बसले होते. मागच्या गोळ्या कधी संपल्या म्हणून विचारलं तर त्यांनी खिशातली वही काढून माझ्याच हातात दिली. "तूच बघ. चष्मा आत हाय."

मी पानं मागं उलटत गेले. आणि त्या तारखेला आले. पेन्सिलीचं गोल, नीट अक्षर. विहीर, टोपली, मोर, चप्पल, लिंबू. खाली एक रेघ मारलेली, काम झाल्याची.

"बाबा, हे तुम्ही लिहून घेतलं होतं?"

"मग?"

"बघून सांगितलंत?"

"मग कसं सांगायचं?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "बाई बोलली, नीट ध्यानात ठेव. मी ठेवलं."

"अहो, ते डोक्यात ठेवायचं होतं. ही चोरी झाली बाबा."

ते ताठ बसले. "चोरी? मी लपवून लिवलं का? तू पाठ करून बसलीस, मी काय करू? एकतीस वर्षं नंबर घेतला की लिवला. डोक्यात ठेवला असता तर सस्पेंड केला असता मला. आनी तू आता चोरी बोलतेस."

माझा राग जिथल्या तिथं विरला, आणि दुसराच आला, स्वतःवरचा. टॅबलेट बनवणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. शेजारी कुणी नको, आवाज नको, मदत नको. कानावरची पेन्सिल त्यांना कशी सुचणार? पण मला सुचायला हवी होती. बारा वर्षं ती पेन्सिल माझ्यासमोर होती, असं मी स्वतःशी म्हटलं, आणि तेही चूकच निघालं.

कारण मी पानं उलटत राहिले. 'सात दहा. चहा घेतला.' 'गॅस बंद केला. बघितला.' 'वालाला पाणी दिलं. परत देऊ नये.' 'कुणालीची बॅग निळी.' मग एक पान: 'रविवार. शाळा नाही. झेंडा घेऊन गेलो होतो.' आणि त्याच्या पुढच्या पानावर, जरा दाबून लिहिलेलं: 'रविनाला परत विचारू नये. ती घाबरते.'

जिवलीकाकी सुपात वाल घेऊन आली. "काय लिवलंय एवढं?" तिनं विचारलं. तिला वाचता येत नाही.

"गोळ्यांचं आहे," मी म्हटलं. "काकी, बाबांना ही वहीची सवय रेल्वेतली ना?"

"रेल्वेतली वही कधीच पेटीत गेली, युनिफारमाखाली. आठ वर्षं घरात कागुद नव्हता. मागच्याच्या मागल्या दिवाळीला हेच धनेशला बोलले, वही आन मला. मी बोलले, म्हाताऱ्याला नोकरी आठवते."

म्हणजे बोलणं परत म्हणणं जुनं होतं, लिहिणं जुनं नव्हतं. सव्वा वर्षापूर्वी त्यांनी ते पुन्हा सुरू केलं होतं, आणि आम्ही सगळे हसत होतो. बाबांनी काकीला चहा ठेवायला सांगितलं. ती आत गेल्यावर ते वाल पसरलेल्या चटईकडे बघत म्हणाले, "मला ठावं हाय गो. पन लिवलेलं आसलं की चालतं. फाटक चालायचं तसंच."

"रस्त्याच्या मधोमध वही काढायला वेळ असतो का बाबा?"

कुणालीनं घरी सांगितलेलं माझ्यापर्यंत आलं आहे, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. विषय बदलायला म्हणून मी सहज विचारलं, "रेल्वेत तुमची तपासणी व्हायची का कधी?"

"व्हायची ना. ठराविक वर्षांनी. डोळे मुख्य. लाल हिरवा ओळखायला पायजे, पाटीवरची अक्षरं वाचायला पायजे." मग त्यांना काही तरी आठवून थोडं हसू आलं. "पुढच्या फाटकावर रघू होता. त्याला दिसायचं नाय. तो लाइनीत मागं उभा ऱ्हायला, पुढचे वाचायचे ते ऐकून ऐकून पाटी पाठ केली. पास झाला."

"मग?"

"मग काय. मीच साहेबाला जाऊन सांगितलं. फाटकावर होता ना तो. दुसऱ्या कामाला लावला त्याला. दोन वर्षं माझ्याशी बोलला नाय रघू. पन मी बोललो, पाटी पाठ करून..."

वाक्य तिथंच राहिलं. त्यांचं हसू गेलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, माझ्या हातातल्या वहीवर ठेवली, आणि वही माझ्याकडे सरकवली.

"ही तुज्याजवळ ठेव," ते म्हणाले. "लाव तुजी ती बाई."

या वेळी मी पाठ केली नाही. नियम मोडला तर मोडला. बाईनं नवे पाच शब्द सांगितले, बाबांनी पाचही लगेच म्हणून दाखवले. घड्याळ काढलं, आकडे जोडले. तारीख विचारल्यावर हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. महिना सांगितला, तारीख अंदाजानं. मग बाईनं शब्द विचारले. बाबांनी तोंड उघडलं, मिटलं. "कंदील," ते म्हणाले. बराच वेळ गेला. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. आतून काकीच्या कपबश्यांचा आवाज येत होता. "आठवतील तेवढे शब्द सांगा," बाई पुन्हा म्हणाली. बाबा तिला अगदी अदबीनं म्हणाले, "नाय. पुढं चला."

मला रडू येत होतं, पण मी आशा आहे, रडायचं काम दुसऱ्यांचं.

"लाल का?" त्यांनी विचारलं.

"पिवळा आहे बाबा. डॉक्टरला दाखवा असं सांगतोय. ही फक्त चाळणी आहे, आजार आहे की नाही हे डॉक्टर सांगणार. कधी कधी एखादं जीवनसत्त्व कमी असतं, थायरॉइड असतं, त्यानंही होतं. औषध असतं त्याला."

"पिवळा म्हंजे सावध. गाडी चालते, हळू." ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग रस्त्याकडे पाहिलं. "पन फाटकाला पिवळा नसतो. फाटक उघडं नायतर बंद."

त्यांनी रविनाला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्या मांडीवरचा टॅबलेट बघून थबकली. बाबांनी वही आणि पेन्सिल माझ्याकडून मागून घेतली, कोरं पान काढलं आणि लिहायला बसले. आम्ही दोघी उभ्या. फाटकावर ड्यूटी बदलताना कशी रीत असते, हेही त्यांनी मला कधी तरी सांगितलं होतं. जाणारा माणूस काय काय ताब्यात देतोय ते लिहितो आणि सही करतो. येणारा वाचतो, मोजून घेतो, सही करतो. ती दुसरी सही होईपर्यंत पहिल्यानं जागा सोडायची नाही, घरी कुणी मेलं तरी नाही.

लिहून झाल्यावर त्यांनी वही सुनेपुढं धरली. 'झेंडा एक, काठीसकट. मुलं सात.' खाली सातही नावं, कुणालीचं सगळ्यात शेवटी. 'वळणावरून गाडी दिसत नाही, आवाज ऐकावा. दिपेश पुढं पळतो, हात धरावा. चार्ज दिला. लडकू निमसे.'

"वाच आनी सही कर," ते म्हणाले.

रविनानं वाचलं. पेन्सिल घेण्याआधी तिनं पान मागं उलटलं, का ते तिलाच ठाऊक, मी तिला थांबवू शकले नाही. एक पान, दोन पानं. मग ती एका ओळीवर थांबली, आणि मला कळलं कोणत्या. तिनं मान वर केली नाही. पुन्हा कोऱ्या पानावर आली आणि बाबांच्या सहीखाली लिहिलं, 'चार्ज घेतला. रविना धनेश निमसे.'

"टाइम टाक," बाबा म्हणाले.

तिनं टाइम टाकला, चार पस्तीस. मग झेंडा घेऊन ती रस्त्याकडे गेली आणि बाबा ओट्यावर बसून राहिले. पाचला सगळी पोरं नीट आली, तरी ते उठले नाहीत.

धनेश पहिल्यांदा माझ्यावरच चिडला. हिरवा आला होता, मग दुसऱ्यांदा कशाला केलं, म्हणून. मी त्याला वही दाखवली नाही, ते माझं काम नव्हतं. बाबांनीच दाखवली. त्यानंतर तो रजा टाकून वडलांना आधी शहापूरला आणि मग ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तात एक जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू आहेत. त्यानं किती फरक पडेल आणि बाकीचं काय आहे, ते सहा महिन्यांनी कळेल असं डॉक्टर म्हणाले. मी योगिनी मॅडमना फोन करून घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "खिशातली वही हे आमच्या यादीत घालते." आता मी कुठल्याही घरी टॅबलेट देण्याआधी माणसाच्या कानाकडे बघते.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे होते. साडेदहा वाजून गेले होते. रविना झेंडा घेऊन परत आली आणि आत जायच्या आधी ओट्यापाशी उभी राहिली. ही आता त्यांची रोजची रीत झाली आहे, बाबा स्टेशन मास्तर आणि ती फाटकवाली.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सात."

"सात," बाबांनी म्हटलं आणि लिहून घेतलं. ती आत भाकऱ्या थापायला गेली. आम्ही वालाच्या भावाबद्दल बोलत बसलो. दहाएक मिनिटं झाली असतील. बाबांनी एकाएकी रस्त्याकडे पाहिलं, चेहरा बदलला, आणि हाक घातली, "रविना, पोरं गेली का गो?"

हाक गेली आणि लगेच त्यांचा हात वहीवर पडला. पान दिसलं. ते ओशाळले. इतके की मी दुसरीकडे बघायला लागले.

रविना बाहेर आली. दोन्ही हातांना पीठ. तिनं कोपरानं ती वही हळूच मिटली.

"त्यात नका बघू बाबा," ती म्हणाली, "मला विचारा. कितीदा पण विचारा. सात गेली. सगळी गेली."

"सात," बाबा म्हणाले. ती त्यांनी मान हलवेपर्यंत थांबली, आणि मग भाकरी करपेल म्हणून आत पळाली.